‘ठीक’ची वही

माझ्या टेबलाच्या खणात एक शंभर पानी वही आहे. तिच्या पहिल्या नऊ पानांवर मी एकच शब्द लिहिला आहे. डावीकडे शनिवारची तारीख, मध्ये एक आकडा आणि उजवीकडे ‘ठीक’. असा हा ‘ठीक’ मी एकशे अठ्ठ्याहत्तर वेळा लिहिला. अक्षर मात्र सुंदर आहे. मी शाळेत चित्रकला शिकवतो, तेव्हा अक्षर तरी बरे असायलाच हवे. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक आणि त्यावर चित्रकलेची पदविका. तेवढ्या शिदोरीवर तीन कादंबऱ्याही लिहिल्या आहेत. पण या नऊ पानांइतके निव्वळ काल्पनिक लेखन माझ्या हातून दुसरे झाले नाही.

मी राहतो डोंबिवलीला आणि शाळा कल्याणला. शाळेचे नाव मुद्दामच सांगत नाही, कारण दोष शाळेचा नव्हता, माझा होता.

शाळेत जनरल रजिस्टर नावाची एक चीज असते. शाळेत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक मुलाला तिच्यात एक नंबर मिळतो आणि त्या नंबरापुढे त्याचे नाव, आईबापांची नावे, जन्मतारीख आणि जन्मगाव लिहिले जाते. पुढे तो कलेक्टर होवो की भाजी विकायला बसो, शाळा सोडल्याचा दाखला मिळायचा तो याच ओळीवरून. आमच्या शाळेची ही रजिस्टरे ऑफिसातल्या लाकडी कपाटात, अगदी खालच्या फळीवर होती. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे सर्वांना ठाऊक आहे. त्या दिवशी इकडे उल्हास नदीही कल्याणच्या सखल भागात शिरली आणि आमच्या ऑफिसात कमरेइतके पाणी उभे राहिले. पाणी ओसरल्यावर शिपाई मामांनी रजिस्टरे वर्गातल्या बाकांवर उघडून वाळत घातली. निळी शाई काही ठिकाणी पसरली होती, काही पाने एकमेकांना बिलगून बसली होती. तरीही बहुतेक नावे डोळ्यांत तेल घालून वाचता येत होती.

पुढे २००९ साली मुख्याध्यापकांच्या मनात आले की, ही पाने आणखी कुजण्याआधी सगळे रजिस्टर संगणकात उतरवावे. शाळेतल्या क्लार्कला आम्ही भाऊसाहेब म्हणतो. ते वाचीत आणि मी टाइप करी. शाळा सुटल्यावर रोज तासभर, असे हे काम दोन वर्षे चालले. ते संपले तेव्हा लग्नघरातली पंगत उठल्यावर यजमानाला वाटते तसे मला वाटले. ‘आता याची नीट राखण तुम्हीच करा,’ असे म्हणून मुख्याध्यापकांनी राखीव प्रत काढण्याचे काम माझ्याकडे सोपवले. संगणकवाले तिला बॅकअप म्हणतात.

मी ओळखीच्या एका मुलाकडून बॅकअपची आज्ञा कागदावर लिहून घेतली. दर शनिवारी ती आज्ञा द्यायची, तयार झालेली फाइल बाहेरच्या छोट्या डिस्कवर उतरवायची, फाइल केवढी झाली तो आकडा वहीत लिहायचा आणि पुढे ‘ठीक’ म्हणायचे. आकडा दर आठवड्याला थोडा थोडा वाढे. गुटगुटीत बाळाचे वजन वाढावे तसा. मी समाधानाने डिस्क पिशवीत टाकी आणि डोंबिवलीची गाडी पकडी.

ती फाइल उघडून पाहण्याचे माझ्या कधी मनात आलेच नाही असे नाही. पण त्याला जागा लागते. बॅकअप म्हणजे घड्या घालून, दाबून बांधलेले गाठोडे. ते तपासायचे तर सोडून पसरावे लागते आणि पसरायला मूळ मालाइतकीच मोकळी जागा लागते. आमच्या डेटाबेसात मुलांचे फोटो आणि प्रवेश-अर्जांची चित्रेही भरलेली होती, त्यामुळे तो चांगलाच फुगला होता. गाठोडे सोडायला एकतीस जीबी हवे होते आणि शाळेच्या संगणकावर शिल्लक होते नऊ. नवी डिस्क घ्यायची म्हणजे तीन कोटेशने आणि समितीची मंजुरी. मी स्वतःची समजूत घातली की, जागाच नाही तर तपासणार कुठे? माणसाला काम टाळायचे असले की खरे कारणसुद्धा किती उपयोगी पडते!

मे २०१५मध्ये, भर सुट्टीत, शाळेच्या संगणकाची डिस्क गेली. कटकट कटकट असा आवाज आला आणि संपले. मी मात्र निश्चिंत होतो. नवी डिस्क आली, मी पिशवीतून बॅकअप काढला, गाठोडे सोडले. नोंदींची संख्या मोजली, ती अचूक भरली. मी नेहमीप्रमाणे वहीत ‘ठीक’ लिहिले. तो एकशे अठ्ठ्याहत्तरावा.

जूनमध्ये शाळा उघडली आणि चौथ्या-पाचव्या दिवशी एक आजी ऑफिसात आल्या. नऊवारी नव्हे, साधी सुती पाचवारी, हातात कापडी पिशवी. त्यांची मुलगी परदेशात होती आणि बाळंतपणाला त्यांना तिच्याकडे जायचे होते. पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा हवा म्हणून शाळेचा दाखला काढायला त्या आल्या होत्या. १९६७ साली त्यांनी शाळा सोडली होती. रजिस्टर नंबर त्यांना तोंडपाठ होता. भाऊसाहेबांनी तो संगणकात घातला आणि ते नुसते पाहतच राहिले.

पडद्यावर नंबर होता, जन्मतारीख होती, प्रवेशाची तारीख होती. नावाच्या जागी मात्र ओळीने प्रश्नचिन्हे होती. वडिलांच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हे. गावाच्या जागी प्रश्नचिन्हे.

आम्ही पुढची नोंद पाहिली, मागची पाहिली. पहिली पाहिली, शेवटची पाहिली. हजारो मुलेमुली आणि सगळ्यांची तीच गत. आजींनी चष्मा लावला, वाकून पडद्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “तारीख माझीच आहे हो सर. नंबरपण माझाच. मी तेवढी नाही त्यात.”

त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

झाले होते ते असे. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. प्रत्येक अक्षरखुणेला एक क्रमांक दिलेला असतो. युनिकोड नावाच्या पद्धतीत आपल्या ‘क’चा क्रमांक २३२५ आहे. पण जुन्या रोमन अक्षरसंचात जागाच मुळी २५६. त्या २५६ खोल्यांच्या चाळीत देवनागरीला बिऱ्हाड मिळणे शक्य नव्हते. मी कागदावरून उतरवून घेतलेल्या आज्ञेत हाच जुना संच राहून गेला होता. डेटाबेसात नावे चांगली ठणठणीत होती. बॅकअप निघताना मात्र प्रत्येक देवनागरी खूण दाराशी अडवली जाई आणि तिच्या जागी एक प्रश्नचिन्ह आत जाई. आकडे तेवढे सुखरूप पोचत. हे एकशे अठ्ठ्याहत्तर शनिवार चालले होते.

आणखी एक गोष्ट पुढे कळली आणि ती अधिक लागली. साठवताना देवनागरीच्या एका खुणेला तीन बाइट लागतात, प्रश्नचिन्हाला एक. म्हणजे नावांचा तक्ता वेगळा काढून तोलला असता तर तो बराच हलका भरला असता आणि पहिल्याच शनिवारी बिंग फुटले असते. पण फोटोंच्या ढिगाऱ्यात नावांचे वजन ते केवढे! मी ढिगारा तोलत राहिलो.

अलीकडच्या मुलांची नावे इतर कागदांत होती, ती भरता आली. जुन्यांसाठी भाऊसाहेबांनी माळ्यावरून पुरातल्या रजिस्टरांचे गठ्ठे खाली काढले. सहा वर्षांपूर्वी जी पाने आम्ही कष्टाने वाचली होती, त्यांतली कित्येक आता कुजून गेली होती. एकदा संगणकात गेल्यावर कागदांकडे बघणार कोण?

त्या पावसाळ्यात मी रविवारी ठाण्याला मराठी ग्रंथ संग्रहालयात जाऊन बसत असे. निमित्त नव्या कादंबरीचे, खरे कारण घरात तोंड लपवायला जागा नव्हती. ही संस्था १८९३ची. तिच्या संस्थापकांत ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे होते आणि जुन्या मराठी पोथ्या हा भाव्यांचा जन्माचा ध्यास. तिथे वाचता वाचता मला आमच्या रजिस्टराचे पूर्वज भेटले.

तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटाने चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या. ज्याने पाहिले-ऐकले त्याच्याकडे जाऊन, विचारून, पडताळून त्याने ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. पुढे खलजीच्या स्वारीच्या धामधुमीत ती मूळ पोथी नाहीशी झाली. मग महानुभावांनी काय केले? ज्यांना जे पाठ होते ते त्यांनी आठवून आठवून पुन्हा लिहिले. साहजिकच एकाच्या आठवणीत एक लीळा जास्त, दुसऱ्याच्या आठवणीत चार शब्द निराळे. म्हणून त्या ग्रंथाचे वेगवेगळे पाठ झाले. एक प्रत हरवली की सत्य एकदम मरत नाही, त्याला फाटे फुटतात.

दुसरी गोष्ट पैठणच्या एकनाथांची. त्यांच्या काळापर्यंत ज्ञानेश्वरीच्या नकलांवरून नकला होऊन पाठ बिघडले होते. शके १५०६ला, म्हणजे १५८४ साली, नाथांनी प्रती ताडून पाहून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यात कुणी आपल्या ओव्या घालू नयेत असे बजावून ठेवले. ज्ञानेश्वरी आपल्याकडे होतीच की! घरोघर होती. पण ती तीच आहे ना, हे पाहायला नाथ व्हावे लागले.

आणि तिसरा भेटला तो पोथीचा लेखनिक. पोथी संपली की हा गृहस्थ शेवटी संस्कृतात लिहून मोकळा होई की, पुढे होते तसे उतरवले, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला देऊ नका. हे वाचून मी ग्रंथालयात एकटाच हसलो. माझ्या बॅकअपच्या आज्ञेचा स्वभाव नेमका हाच. आणि वहीत ‘ठीक’ लिहिणाऱ्या माझाही.

माझ्या समाधानाला आणखी एक आधार मिळाला, पण तो नंतर, आणि तो सातासमुद्रापलीकडचा. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या मोठ्या संगणक कंपनीत एका अभियंत्याने नको त्या यंत्रावरचा चालू डेटाबेस पुसून टाकला. बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या, त्यांतली एकही भरवशाची निघाली नाही. ठरलेल्या जागी बॅकअप पाहावा तर तिथे काहीच नव्हते. सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी काढलेली एक प्रत होती म्हणून निभावले. मुलांच्या आवडत्या ‘टॉय स्टोरी २’चेही तेच. १९९८ साली एका चुकीच्या आज्ञेने त्या चित्रपटाचा बराचसा भाग पुसला गेला आणि राखीव प्रत धड नसल्याचे उघडकीस आले. चित्रपट वाचला तो गॅलिन ससमन या बाईंमुळे. मूल तान्हे म्हणून त्या घरून काम करीत आणि त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. एवढ्या मोठ्यांचे असे होते, मग आपण कोण, असा दिलासा मी स्वतःला देऊन पाहिला. पण गॅलिनबाईंच्या घरची प्रत उघडत होती आणि माझ्या घरची उघडून काही उपयोग नव्हता.

शाळेत आम्ही महानुभावांचाच मार्ग धरला. निवृत्त झालेल्या जुन्या बाई आणि सर यांना बोलावले. चहा आणि भजी. “तो नदीकाठचा, फळ्यावर चित्रं काढणारा, त्याचं नाव काय हो?” अशा सभा रंगू लागल्या. पडताळणीसाठी आमच्याकडे होती ती प्रश्नचिन्हेच. एका खुणेला एक, हा हिशेब पक्का होता. ‘गीता’ म्हणजे ग, वेलांटी, त आणि काना, अशी चार. पाय मोडल्याची खूणसुद्धा वेगळी मोजायची. कुणी एखादे नाव सांगितले आणि प्रश्नचिन्हे जुळली नाहीत की ते बाद. पण जुळली म्हणजे तेच, असेही म्हणता येईना. गीता, लीला, सीता, मीरा, चौघींनाही चारच! त्या दिवशी मला कळले की, मोजणीने चूक पकडता येते, माणूस ओळखता येत नाही. मी बॅकअप उतरवल्यावर नोंदींची मोजणीच तर केली होती.

आजींच्या नावाची प्रश्नचिन्हे अचूक जुळली. पण मुख्याध्यापक म्हणाले, “सर, प्रश्नचिन्हं मोजून दाखल्यावर सही कशी करू?” आणि ते बरोबरच होते. अखेर ऑगस्टअखेरीस माळ्यावरच्या एका पेटीत जुनी निकालपत्रके सापडली. त्यांत आजींचे नाव होते आणि शेजारी तोच रजिस्टर नंबर. दाखला मिळाला, पासपोर्ट झाला. आजी मुलीकडे पोचल्या तेव्हा नातीचे बारसे होऊन गेले होते. हे त्यांनीच परत आल्यावर पेढे देताना सांगितले. “गोरी आहे हो,” एवढेच म्हणाल्या. पेढा माझ्या घशाखाली उतरेना.

मग दिवाळी आली. आमचे घर एक खोली आणि स्वयंपाकघर. कॉटखाली चार ट्रंका, माळ्यावर पितळेची भांडी, भिंतीतल्या कपाटात माझी पुस्तके. दिवाळीची आवराआवर सुरू झाली की मी दरवर्षी बाहेर पळतो. त्या वर्षी मात्र नव्या बॅकअपची विवंचना घेऊन कोपऱ्यात बसलो होतो. चूक दुरुस्त केली होती, अक्षरसंच बरोबर घातला होता. पण तपासायचे कसे? नव्या डिस्कवरही पाहता पाहता जागेची ओढाताण सुरू झाली होती.

सौ.ने एक ट्रंक ओढली, कॉटवर रिकामी केली. शालू उलगडून कसर लागली आहे का पाहिले, मुलांची जुनी झबली मोजली, डांबरगोळ्या बदलल्या, सारे पुन्हा घडी घालून भरले आणि ट्रंक आत ढकलली. मग दुसरी ओढली.

मी म्हणालो, “सगळं एकदम बाहेर काढून का नाही बघत?”

“अहो, ठेवू कुठे? तुमच्या डोक्यावर? कॉटएवढी जागा आहे, तर कॉटवर मावेल तेवढंच काढायचं.”

वाचकहो, मी त्याच पावली शाळेत गेलो असतो, पण सुट्टी होती.

तेव्हापासून माझा शनिवार असा जातो. आधी फाइलचा ठसा काढतो. फाइल कितीही मोठी असो, तिच्यापासून चौसष्ट अक्षरांची एक ओळ तयार करता येते आणि आतला एक टिंब जरी हलला तरी ती ओळ पार बदलते. शाळेतल्या प्रतीचा आणि माझ्या पिशवीतल्या प्रतीचा ठसा एकच आला तर वाटेत काही सांडले नाही हे कळते. पण तेवढेच कळते. माझ्या पहिल्या एकशे अठ्ठ्याहत्तर प्रतींचे ठसेही तंतोतंत जुळले असते. चुकीची प्रत बरोबर उतरली, एवढाच त्याचा अर्थ झाला असता. मग गाठोडे न पसरता, आतल्या आत शेवटपर्यंत वाचून घेतो. म्हणजे ते अर्धवट बांधले गेले नाही ना, हे समजते. यालाही जागा लागत नाही. आणि मग सौ.ची ट्रंक. नावांचा तक्ता तेवढा एका रिकाम्या कोपऱ्यात सोडतो, मोजतो, उघडून डोळ्यांनी वाचतो, पुसून टाकतो. मग फीचा तक्ता. मग फोटो, तेही एका वेळी एका वर्षाचे. नऊ जीबीत एकतीस जीबी असे हप्त्याहप्त्याने तपासून होतात. नऊ जीबी पूर्वीही होतेच.

सगळी नावे दर आठवड्याला वाचणे मला झेपत नाही. म्हणून सर्वांत जुने एक, सर्वांत नवे एक आणि मधली दहा कुठलीही. भाऊसाहेब कागदावरून मोठ्याने वाचतात, मी पडद्यावर पाहतो. निवड त्यांनी करायची, हा नियम. मी केली तर सोपीच नावे निवडीन, स्वतःला आता मी ओळखतो. चित्रकलेच्या तासाला मुलांना मी हेच सांगत आलो आहे की, आपले चित्र आपण काढताना बरोबरच दिसते, शेजाऱ्याला दाखवा. दुसऱ्याला सांगितलेली अक्कल स्वतःच्या कामी यायला वीस वर्षे लागावीत!

वही अजून तीच चालू आहे, पण नवव्या पानानंतर तिचा मजकूर बदलला आहे. आता उजवीकडे ‘ठीक’ नसते. त्या शनिवारी उघडून, वाचून, ताडून पाहिलेल्या नावांपैकी एक नाव लिहितो, पूर्ण, काना-मात्रा-वेलांटीसकट, माझ्या चांगल्यातल्या चांगल्या अक्षरात. आता शेकडो नावे झाली आहेत. अकरा जणांच्या जागी मात्र अजून प्रश्नचिन्हे आहेत. त्यांचे कुणी येईल, सांगेल, म्हणून ती तशीच ठेवली आहेत.

दहाव्या पानावरचे पहिले नाव आजींचे आहे. ते खोडून कुणी तिथे ‘ठीक’ लिहिलेले मला आता खपणार नाही.